ध्रुवीय तापमान विपरीतता : आकडे वाचताना या चुका टाळा

डिसेंबरात पहाटे वेताळ टेकडीवर जाणाऱ्यांना अनुभव असतो: वर बरं वाटतं, पाषाणच्या बाजूला उतरलं की गारठा झोंबतो, आणि शहरावर धुराचा सपाट थर दिसतो. ही तापमानाची विपरीतता. उंचीबरोबर हवा गार होण्याऐवजी उबदार होते. पुण्यात ऊन चढलं की ती मोडते.

अंटार्क्टिकाच्या आकडेवारीवर प्रोजेक्ट करणारे आपले विद्यार्थी तिथेही हेच गृहीत धरतात, आणि गडबड तिथून सुरू होते. ध्रुवीय रात्रीत ऊन चढतच नाही. बर्फ अखंड उष्णता बाहेर टाकतो, वरची कोरडी, निरभ्र हवा त्यातली थोडीच परत देते. उंच पठारावर हिवाळ्यात जमिनीलगतची हवा आणि काहीशे मीटर वरची हवा यांत 20 ते 25 अंशांचा फरक पडतो. किलोमीटरला 6.5 अंश घट हे पाठ केलेलं सूत्र तिथे जमिनीलगत लावू नका.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र नोंदी खोडण्याने होतं. भर हिवाळ्यात तापमान काही तासांत 10 अंशांनी चढलेलं दिसतं आणि ‘सेन्सर बिघडला’ म्हणून ती ओळ उडवली जाते. असं करू नका! आधी त्याच वेळचा वारा आणि ढग बघा. वारा वाढला की वरची उबदार हवा घुसळून खाली येते. ढग आले की ते खाली उष्णता पाठवतात. दोन्हींमुळे विपरीतता दुबळी होते आणि तापमान चढतं. अशी नोंद खरी असते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. वारा, ढग दोन्ही जैसे थे असतील, तरच उपकरणावर संशय घ्या.

हवामान फुग्याच्या नोंदीत पहिले काही मीटर जपून वाचा. रेडिओसोंड (फुग्याला बांधलेलं मापन-उपकरण) उबदार खोलीतून थेट बाहेर काढून सोडला, तर सुरुवातीचं तापमान जास्त दिसतं आणि विपरीतता आहे त्यापेक्षा कमी भासते.

अंटार्क्टिकाच्या पठारावरच्या व्होस्तोक या रशियन तळाचा उणे 89.2 अंश (21 जुलै 1983) आणि उपग्रहांनी टिपलेले उणे 98 च्या आसपासचे आकडे एका रांगेत मांडू नका. पहिलं हवेचं तापमान आहे, दुसरं बर्फाच्या पृष्ठभागाचं.

अंटार्क्टिकातल्या मैत्री किंवा भारती या भारतीय तळांच्या नोंदींवरून पठाराचा अंदाजही बांधू नका. या तळांवर उतारावरून येणारे जोरदार वारे हवा घुसळत असतात.