बर्बनवाल्या मित्राला गिफ्ट काय द्यायचं

ठाण्यात कुणाच्या वाढदिवसाला बाटली न्यायची म्हटलं की बहुतेक जण वाईन शॉपच्या काउंटरवर जाऊन ‘इम्पोर्टेडमध्ये चांगलं काय आहे’ एवढंच विचारतात आणि हातात स्कॉच घेऊन निघतात. पण मित्र बर्बनचा शौकीन असेल तर असं करू नका, दोन्हींची चव पार वेगळी.

बर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की, धान्यात कमीत कमी ५१ टक्के मका हवाच, आणि मुरवायची ती नव्याकोऱ्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात. तो व्हॅनिला-कॅरमेलचा गोडवा आणि तांबूस रंग त्या जळक्या लाकडातून येतो, वरून रंग टाकायला परवानगीच नाही. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला परत चालत नाही, मग त्यातली कितीतरी स्कॉटलंडला जातात आणि त्यात स्कॉच मुरते, मला ही गोष्ट जाम आवडते. जॅक डॅनियल्स मात्र टेनेसी व्हिस्की म्हणून विकतात, तेव्हा दुकानात बर्बनच पाहिजे असं स्पष्ट सांगा.

आता तो पितो कशी ते आठवा. सोडा किंवा कोक टाकून पीत असेल तर जिम बीम पुरे, उगाच महागातली नको. काहीच न मिसळता पिणाऱ्याला मेकर्स मार्क द्या, त्यात राय या धान्याऐवजी गहू असतो त्यामुळे ४५ टक्के अल्कोहोल असूनही घशाला मऊ लागते. मुरलेल्या गड्याला वाइल्ड टर्की १०१, ती ५०.५ टक्के. कुणी परदेशातून येणार असेल तर ड्यूटी फ्रीमधून मागवा, माणशी २ लिटर चालतं.

पण माझं मत विचाराल तर बाटली त्याच्याकडे असतेच, त्याला ओल्ड फॅशन्ड या बर्बनच्या कॉकटेलचं सामान द्या. जाड बुडाचे दोन ग्लास, अँगोस्टुरा बिटर्स (कॉकटेलमध्ये थेंबभर टाकायचा कडवट मसालेदार अर्क), मोठ्या बर्फाचा सिलिकॉन ट्रे, आणि सोबत संत्री. इथे नागपुरी संत्रं नको, साल सैल असते, पट्टी नीट निघत नाही, वाशीच्या एपीएमसी फळबाजारात घट्ट सालीची इम्पोर्टेड मिळतात ती घ्या. पीलरने अंगठ्याएवढी पट्टी काढायची, पांढरा भाग जितका कमी तितकं बरं, कारण तो कडू लागतो, मग केशरी बाजू खाली करून ग्लासवर चिमटायची, उजेडात धरलं तर तेलाचा बारीक फवारा उडताना दिसतो, आणि तो वास बर्बनच्या गोडव्यात असा काही मिसळतो की बस्स!

बाटली दिलीच तर उभी ठेवायला सांगा, आडवी ठेवली की दारू लागून बूच खराब होतं. आपल्याकडे व्हिस्कीला २५ वर्षं पूर्ण लागतात, घेणाऱ्याला पण आणि पिणाऱ्याला पण, परमिटही लागतं, एका दिवसाचं दुकानातच मिळतं. आणि ड्राय डे आधी बघून ठेवा, २ ऑक्टोबरच्या आसपास किंवा निवडणुकीच्या दिवसांत पार्टी असेल तर खरेदी चार दिवस आधीच उरकून टाका.