नेटवर्क टूल्सची मॅन पेजेस: गायब ओळी, चुकीचे डॅश आणि पसरलेलं बोल्ड कसं दुरुस्त करायचं

सर्व्हर अडकलाय, नेट बंद आहे आणि हाताशी फक्त मॅन पेज (कमांडची माहिती देणारं मदत-पान) आहे, अशा वेळी त्यातली एखादी ओळच गायब असेल किंवा तिथून कॉपी केलेली कमांड चालत नसेल, तर माणूस तासभर स्वतःचीच चूक शोधत बसतो. म्हणून या चुका मला किरकोळ वाटत नाहीत. आणि दुरुस्त करायला प्रोग्रामिंग यायलाच हवं असंही नाही. पेज म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, त्यात डॉटने सुरू होणारे मॅक्रो (मांडणीच्या सूचना) असतात आणि ते वाचून ग्रॉफ पान मांडतो. मॅक्रोची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाइलमध्ये ती इंग्रजी कॅपिटल अक्षरांत असतात.

सगळ्यात आधी फाइल हाताने लिहिलेली आहे का ते बघा. आयपी, टीसी, एसएस ही आयपीराउट2 (लिनक्सच्या नेटवर्क कमांडचा संच) मधली पेजेस थेट रॉफमध्ये (ग्रॉफ वाचतो ती भाषा) आहेत, सोर्समध्ये मॅन8 फोल्डरला सापडतील. पण एनमॅपचं पेज डॉकबुक या वेगळ्या फॉरमॅटमधून तयार होतं, कर्लचं तर प्रत्येक ऑप्शनच्या वेगळ्या फाइलींतून, तिथे तयार पेजमध्ये हात घातलात तर पुढच्या बिल्डला सगळी मेहनत वाया. ओपनएसएसएचची पेजेस एमडॉक या दुसऱ्या मॅक्रो-संचात आहेत, त्याचे मॅक्रो वेगळे, दोन्हींची खिचडी करायची नाही.

आता गायब ओळ. समजा एसएनएमपीच्या (नेटवर्कवरच्या उपकरणांची माहिती विचारायचा प्रोटोकॉल) पेजमध्ये असं लिहिलंय, ओआयडी म्हणजे हव्या त्या माहितीचा आकड्यांतला पत्ता:

सिस्टीमची माहिती हवी असेल तर
.1.3.6.1.2.1.1 ही ओआयडी द्या.

स्क्रीनवर फक्त पहिली ओळ येते. दुसरी ओळ डॉटने सुरू झाली ना, त्यामुळे ग्रॉफला वाटतं ही कमांड आहे, ती त्याला ओळखीची नसते आणि तो अख्खी ओळ गुपचूप गिळतो, एररसुद्धा देत नाही. बरेचदा मूळ लेखकाने बरोबर लिहिलेलं असतं, नंतर कोणीतरी एडिटरमध्ये परिच्छेद पुन्हा रॅप करतं आणि ओआयडी ओळीच्या सुरुवातीला येते. सिंगल कोटचंही हेच, टीसीपीडंपचा (नेटवर्कवरची पॅकेट पकडायचं टूल) फिल्टर कोटमध्ये लिहून तो ओळीच्या सुरुवातीला आला की गेलाच. उपाय दोन कॅरेक्टरचा: ओळीच्या आधी \& टाका, म्हणजे \&.1.3.6.1.2.1.1 असं.

मग डॅश. ऑप्शनच्या आधी साधा - लिहिला तर यूटीएफ-8 मध्ये तो टायपोग्राफीवाला हायफन बनू शकतो, दिसायला सारखाच, पण टर्मिनलमध्ये पेस्ट केला की कमांडला तो ऑप्शन वाटतच नाही, आणि पेजमध्ये ऑप्शन सर्च केला तरी सापडत नाही. म्हणून कमांड आणि ऑप्शनमध्ये \- लिहा. 2023 मध्ये आलेल्या ग्रॉफ 1.23 ने हा फरक कडक केला, डेबियनसारख्या लिनक्स वितरणांनी तो आपल्या सेटिंगमध्ये परत सैल करून घेतला, त्यामुळे तुमच्या मशीनवर ठीक दिसतंय म्हणजे सगळीकडे ठीक आहे असं धरू नका. मात्र सरसकट फाइंड-रिप्लेस नको, जोडशब्दातला हायफन हायफनच राहू दे. नेम सेक्शनमध्ये नाव आणि वर्णन यांच्या मध्येही \- च हवा, दोन्ही बाजूंना स्पेस देऊन, तिथे लांब डॅश टाकला की व्हॉटइज आणि अप्रोपोस या पेज शोधायच्या कमांडना ते पेज सापडेनासं होऊ शकतं.

बोल्डची गडबड बहुतेक एका स्पेसमुळे. .बीआर आयपी (8) असं लिहिलं की नाव बोल्ड आणि कंस साधा येतो, स्पेस विसरलात की सगळंच बोल्ड. पुढे कॉमा हवा असेल तर (8), असा कंसाला चिकटवून द्या.

टीसीची (नेटवर्क ट्रॅफिक नियंत्रणाची कमांड) उदाहरणं लांबलचक असतात, क्यूडिस्क, क्लास, फिल्टर एकाखाली एक, आणि ती .ईएक्स आणि .ईई (उदाहरण सुरू आणि संपल्याचे मॅक्रो) च्या मध्ये नसतील तर सगळी एकाच परिच्छेदात मिसळतात. ओळीच्या शेवटचा बॅकस्लॅशही रॉफ खाऊन टाकतो, तो दिसायला हवा असेल तर बॅकस्लॅश आणि लगेच स्मॉल ई लिहा.

तपासताना मँडॉक या मॅन पेजच्या दुसऱ्या टूलला लिंट (चुका दाखवायच्या) मोडमध्ये फाइल द्या, आणि ग्रॉफ सगळ्या वॉर्निंग चालू करून चालवा, गिळलेल्या ओळी तिथे पकडल्या जातात. मँडॉकच्या स्टाइलच्या तक्रारी खूप येतील, त्या सगळ्या मिटवायच्या मागे लागू नका. माझा खरा भरवसा डिफवर, म्हणजे दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या कमांडवर आहे. बदल करायच्या आधी पेज रेंडर करून टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचं, नंतरचं दुसऱ्या फाइलमध्ये, रुंदी दोन्ही वेळेला 80, आणि दोन्हींचा डिफ बघायचा. जी ओळ सुधारली तेवढीच बदललेली दिसली पाहिजे. खाली तीन परिच्छेद हलले असतील तर कुठेतरी .टीपी किंवा .आरई (यादी आणि इंडेंट सांभाळणारे मॅक्रो) चुकून उडालाय, परत जाऊन बघा.

पॅच, म्हणजे तुमचे बदल, प्रोजेक्टकडे पाठवताना फॉरमॅटिंग आणि मजकुरातले बदल वेगळे ठेवा, नाहीतर तपासणाऱ्याला चारशे डॅशमध्ये तुम्ही बदललेलं एक वाक्य दिसणारच नाही. आणि कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या नोंदीत) आधी स्क्रीनवर काय दिसत होतं आणि आता काय दिसतंय, त्या दोन ओळी जशाच्या तशा पेस्ट करा.