अकरा वर्षं कपाटात पडून राहिलेलं रिव्हॉल्वर

माझ्या दाजींची कराडला सराफी आहे. २००३ साली त्यांनी परवाना काढून कानपूरच्या आयुध निर्माणीचं पॉइंट बत्तीस रिव्हॉल्वर घेतलं. सुरुवातीची काही वर्षं सरावाला नेलं, २०१३ला शेवटची गोळी झाडली आणि मग ते चामड्याच्या म्यानात घालून लोखंडी कपाटात ठेवून दिलं. परवान्याचं नूतनीकरण मात्र कधी चुकवलं नाही. निवडणूक आली की रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा व्हायचं, आचारसंहिता संपली की परत यायचं आणि तसंच कपाटात जायचं. २०२४च्या विधानसभेनंतर, डिसेंबरात ते घरी आलं, तेव्हा दाजींचा फोन आला. "रविवारी रेंजवर जाऊन दोन-चार गोळ्या उडवून बघतो म्हणतोय. तू येतोस का?"

मी म्हटलं, "दाजी, मी येतो. पण गोळी उडवायला नाही, आधी बघायला."

मी बावीस वर्षं सैन्यात आर्मरर होतो. हत्यार दुरुस्त करणं, तपासणं, हाच रोजचा धंदा. त्या अनुभवावरून एकच सांगतो: पडून राहिलेलं हत्यार तुम्ही ठेवलं तेव्हा होतं तसं राहत नाही. आतलं तेल बदलतं, लोखंड बदलतं, काडतूस बदलतं. म्हणून ते हातात घेताना ते आपलं जुनं, ओळखीचं आहे असं समजू नका. कुण्या अनोळखी माणसाचं हत्यार पहिल्यांदा बघतोय, असं समजून बघा.

सगळ्यात आधी कागद. परवान्याची मुदत संपलेली नाही ना, परवान्यावरचा नंबर आणि रिव्हॉल्वरवर कोरलेला नंबर अक्षर न अक्षर जुळतो ना, हे उजेडात बसून पडताळा. वडील किंवा सासरे वारले आणि हत्यार घरातच राहिलं, असं आपल्याकडे पुष्कळ घरांत होतं. अशा वेळी घरच्यांनी ते साफ करायला घेणं तर सोडाच, स्वतःच्या नावे परवाना नसताना घरात ठेवणंही गुन्हा आहे. ते लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं, पावती घ्यायची आणि वारस म्हणून परवान्याचा अर्ज करायचा. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. हे काम दुखवट्यात मागे पडतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

दाजींकडे मी सकाळी पोचलो. टेबलावर जुनी सुती चादर अंथरली, मुलांना बाहेर पाठवलं, काडतुसांचा पट्टा दुसऱ्या खोलीत ठेवायला लावला. काम चाललेल्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको, हा नियम मी कधीच मोडत नाही. मग नळीचं तोंड भिंतीकडे, बोट चापाच्या बाहेर. या रिव्हॉल्वरची घडण जुन्या वेबली पद्धतीची आहे. डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे खाली झुकते, काडतुसं बसतात ती चक्री उघडी पडते आणि मधला तारा वर येऊन सहाही काडतुसं बाहेर ढकलतो. पण ताऱ्यावर विसंबू नका. चिकटलेलं काडतूस कधीकधी आतच राहतं. सहाही घरं डोळ्यांनी बघायची, मग प्रत्येकात करंगळीचं टोक घालून चाचपायचं. हत्यार हातातून खाली ठेवलं आणि परत उचललं, तर पुन्हा सगळं तसंच, मधे दोन मिनिटंच गेली असली तरी.

दाजींचा खटका दबेना. जोर लावला तर कुरकुरला आणि अर्ध्यात अडकला. मी विचारलं, "कुठलं तेल लावलं होतं?" ते म्हणाले, "खोबरेल. घरात होतंच की."

खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठतं. कराडच्या डिसेंबरातल्या सकाळी बाटलीतलं तेल जसं पांढरं घट्ट होतं, तसंच ते खटक्यात आणि चापाच्या सांध्यात झालं होतं. शिवाय वर्षानुवर्षं राहिलं की कुठलंही खाद्यतेल पिवळट, चिकट साय धरतं आणि त्यात धूळ बसून डिंक होतो. असं हत्यार ऐन वेळी दगा देतं. हत्याराला हत्याराचंच तेल लावा. ते नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. खोबरेल, गोडेतेल, तूप अजिबात नको.

साचलेला डिंक काढायला मी थोडं रॉकेल आणि जुना टूथब्रश वापरतो. खिडकी उघडी ठेवायची, आसपास शेगडी नको, देवघरात निरांजन नको. पाच-दहा मिनिटं भिजू द्यायचं, घासायचं, सुती फडक्याने कोरडं करायचं. रॉकेलने लोखंड उघडं पडतं, म्हणून त्याच बैठकीत तेलाचा हात फिरवायचा. आतली बाजूपट्टी उघडून स्प्रिंगा काढायच्या भानगडीत घरी पडू नका. त्या व्ही आकाराच्या कमानी ताणात असतात, उसळल्या तर डोळ्याला लागतात. शिवाय सफाई आपण करू शकतो, दुरुस्ती मात्र परवानाधारक गनस्मिथनेच करायची असते.

गंजाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक हत्यार खराब करतात. म्यानातून काढलं तेव्हा दाजींच्या रिव्हॉल्वरच्या उजव्या अंगावर तांबूस ठिपक्यांची नक्षी उठली होती, अगदी म्यानाच्या शिवणीच्या रेषेत. चामडं पावसाळ्यात ओल धरून ठेवतं, शिवाय कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात असतात. म्यान हे कमरेला बाळगायचं साधन आहे, साठवणीचं नाही. असा वरवरचा गंज तेलात भिजवलेल्या अगदी बारीक पोलादी लोकरीने, बोटाच्या हलक्या दाबाने उतरतो. पॉलिश पेपर नको. त्याने काळा-निळा लेप जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज चढतो. नंबर कोरलेल्या जागी तर फक्त तेल आणि फडकं. १९५९च्या शस्त्र कायद्याने हत्यारावरचा नंबर पुसणं गुन्हा आहे, आणि तुमच्या पॉलिश पेपरने तो अस्पष्ट झाला तर पुढच्या तपासणीला उत्तर देत बसावं लागेल. ठिपक्यांच्या जागी खड्डे पडले असतील, नखाला लागत असतील, तर ते कुठे आहेत ते बघा. मुठीजवळ असतील तर चालवून घेता येतं. चक्रीवर किंवा नळीच्या मुळाशी असतील तर गोळी न झाडता गनस्मिथकडे.

आता नळी. रिव्हॉल्वर उघडं ठेवून मागच्या बाजूला पांढरा कागद धरायचा, कागदावर टॉर्च मारायचा आणि तोंडाकडून आत बघायचं. साफ नळीत पिळाच्या खाचा लखलखीत, गोल फिरत गेलेल्या दिसतात. दाजींच्या नळीत मला काहीच दिसलं नाही. अंधार. मी त्यांच्याकडे बघितलं, तर म्हणाले, "धूळ जाऊ नये म्हणून कापसाचा बोळा घातला होता, काढायचा राहिला असेल."

बोळा मी पितळी सळईने हळू मागून पुढे ढकलून काढला. वाटाण्याएवढा, तपकिरी, ओलसर. तो जिथे बसला होता तिथे नळीत गंजाचं पूर्ण कडं झालेलं. त्या रविवारी कोणी न बघता गोळी झाडली असती, तर गोळीला पुढे अडथळा आणि मागे सगळा दाब, अशात नळी फुगते किंवा फाटते. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गावाकडे एका शेतकऱ्याची बाराबोअर कणगीच्या कडेला उभी असायची. कुंभारीण माशीने तिच्या नळीत मातीचं घर केलं होतं. बार काढल्यावर नळीला लिंबाएवढा फुगा आला. माणूस वाचला, ही त्याची पुण्याई. म्हणून नळीच्या तोंडात कापूस, बूच, चिंधी काहीही घालून ठेवू नका. सैन्यात आम्ही चार बाय दोन इंचांची चिंधी पुल-थ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, लावून ओढायचो, आणि उस्ताद आम्हाला आत गेलेली चिंधी बाहेर आलेली दाखवायला लावायचे. तीच सवय ठेवा: जे आत घातलं ते बाहेर आलेलं मोजा.

नळी साफ करताना ब्रश नेहमी मागून पुढे न्यायचा, म्हणजे तोंडाची कड झिजत नाही. तिथेच गोळीची दिशा ठरते. सॉल्व्हंट, म्हणजे नळीतला मळ सुटवणारं द्रव, लावून पितळी तारांचा ब्रश, मग कोरड्या चिंध्या, पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत. दाजींच्या नळीला सतरा चिंध्या लागल्या. सहा घरांनाही हेच. शेवटी एक हलकी तेलाची चिंधी.

सफाईनंतर यंत्रणा. रिव्हॉल्वर परत एकदा उघडून रिकामं असल्याची खात्री करा, बंद करा. डमी काडतुसं मिळाली तर ती घाला. घोडा अंगठ्याने सावकाश चढवा. पूर्ण चढायच्या आत चक्रीने वळून खट्कन जागेवर अडकायला हवं. त्या स्थितीत चक्री दोन बोटांनी हलवून बघा. किंचित हालचाल चालते, पण ती पुढच्या घराकडे सरकत असेल तर घर आणि नळी एका रेषेत येणार नाहीत. सहाही घरांवर हे बघायचं, एकावर बघून सोडायचं नाही. मग घोडा चढलेला असताना, बोट चापाला न लावता, अंगठ्याने त्याला मागून पुढे बेताने दाबा. तो पडता कामा नये. पडला तर काम इथेच थांबवा. दाजींच्या रिव्हॉल्वरची चक्री चार घरांवर नीट अडकली, दोन घरांवर नाही.

या घडणीचा नाजूक भाग म्हणजे बिजागरी आणि वरचा खटका. बंद करून नळी आणि मूठ दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. खडखड लागली तर बिजागरी झिजली आहे. चक्री आणि नळी यांच्यामधली फट मोटार मेकॅनिककडच्या फीलर गेजने मोजता येते. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकी असली तर ठीक, त्याहून बरीच जास्त असेल तर गनस्मिथला दाखवा. घोड्याची चोच गुळगुळीत आणि गोल हवी. टवका उडालेली चोच काडतुसाची टोपी, म्हणजे बुडातला ठिणगी देणारा भाग, भोसकते आणि ज्वाळा मागे येते.

काडतुसं हा वेगळाच विषय, आणि मी त्यात तडजोड करत नाही. दाजींची काडतुसं त्याच म्यानाच्या पट्ट्यात होती. पितळेवर हिरवा कळक चढलेला, दोनांच्या गळ्याला केसासारखी चीर. काडतूस पुसून, घासून वापरायचं नसतं, आणि तेल तर कधीच लावायचं नाही. तेल टोपीतून आत झिरपतं आणि बार फुसका जातो. अशी काडतुसं नोंद करून विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करायची. विहिरीत टाकायची नाहीत, कचऱ्यात नाही, फोडून दारू काढायची तर मुळीच नाही. नवीन घेताना डब्यावरचं नाव वाचा. आपल्याकडे 'पॉइंट बत्तीस' म्हणून दोन वेगळी काडतुसं चालतात, रिव्हॉल्वरचं स्मिथ अँड वेसन लाँग आणि पिस्तुलाचं एसीपी. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्वरच्या घरात बसल्यासारखं वाटतं, पण त्याचा दाब जास्त असतो. बुडावर केएफ ही खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण असली, तरी पुढचं नाव वाचल्याशिवाय भरू नका.

दाजींना मी रविवारी रेंजवर जाऊ दिलं नाही. रिव्हॉल्वर परवान्यासकट गनस्मिथकडे गेलं, त्याने चक्री अडवणारी झिजलेली कड आणि तिची स्प्रिंग बदलली, नळी तपासून दिली. फेब्रुवारीत आम्ही रेंजवर गेलो. डोळ्यांना चष्मा, कानात बूच. पहिल्यांदा सहा घरांत एकच काडतूस. ते झाल्यावर उघडून पितळ बघायचं: कुठे फुगलंय, फाटलंय, टोपी भोसकली आहे का. मग दुसरं. चाप ओढूनही आवाज झाला नाही तर तोंड तसंच लक्ष्याकडे धरून मनात तीस आकडे मोजायचे, बार कधीकधी उशिरा उडतो. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका, फुस्स आला तर लगेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडणं म्हणजे त्या कापसाच्या बोळ्याचीच गत. शेतात किंवा गच्चीवर "चालतंय का" बघायला हवेत बार काढू नका. हलगर्जीपणे किंवा आनंदासाठी केलेल्या गोळीबाराला शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि वर गेलेली गोळी कुणाच्या तरी पत्र्यावर खाली येते.

झाडल्यानंतर त्याच संध्याकाळी सफाई, आणि पुढचे दोन दिवस पुन्हा. पहिल्या दिवशी साफ दिसणाऱ्या नळीतून दुसऱ्या दिवशी काळी चिंधी निघते, ते दाजींनी स्वतः बघितलं.

आता त्यांचं रिव्हॉल्वर तेलाचा हलका हात फिरवलेल्या सुती कापडात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह, कुलपाच्या कप्प्यात असतं. काडतुसं वेगळ्या कुलपात. जून ते सप्टेंबर दर महिन्याला, एरवी तीन महिन्यांनी ते बाहेर काढतात, उघडतात, घरं चाचपतात, कागद धरून नळी बघतात, बोटांचा घाम पुसून परत ठेवतात. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर बहिणीने तारखा लिहायला घेतल्या आहेत.