आधी निवड बघा, मग बटण दाबा: वर्डमध्ये मजकूर निवडताना आणि खुणा करताना होणाऱ्या चुका

"वर्डने आपोआप काहीतरी केलं" ही तक्रार ऐकून ऐकून कान किटले आहेत. वर्ड आपोआप फार थोडं करतं. जेवढं निवडलंय तेवढ्यावर, सांगितलेलं काम करतं. नेमकं काय निवडलं गेलंय हे बघायची तसदी मात्र कुणी घेत नाही. खाली दिलेली मेनूंची नावं विंडोजवरच्या वर्डची आहेत; लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत प्रोग्रॅममध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

माऊस ओढत पानामागून पानं

तीन पानं निवडायची म्हणून माऊसचं बटण दाबून खाली ओढत जाणारे लोक अजून आहेत. कर्सर खिडकीच्या खालच्या कडेला टेकला की पानं पळायला लागतात, हवी ती ओळ निघून जाते, मग उलटं वर ओढायचं, तेही जास्त होतं. त्यात बोट सुटलं की पुन्हा पहिल्यापासून. हा खेळ कशाला? सुरुवातीला एकदा क्लिक करा, हात काढा, चाकाने सावकाश खाली या, शेवट जिथे हवा तिथे शिफ्ट दाबून क्लिक करा. मधलं सगळं निवडलं जातं. चार अक्षरं कमी-जास्त झाली तर शिफ्ट धरून बाणांच्या बटणांनी सारखी करा. पुन्हा निवडायची गरज नाही.

एफ८ हे बटण तर बहुतेकांनी कधी दाबलेलंच नसतं. एकदा दाबलं की निवड ताणायला सुरुवात होते, दुसऱ्यांदा दाबलं की शब्द, तिसऱ्यांदा वाक्य, चौथ्यांदा परिच्छेद, पाचव्यांदा अख्खी फाइल. जास्त झालं तर शिफ्ट-एफ८ ने एकेक पायरी मागे. काम झालं की एस्केप दाबायला विसरू नका. नाहीतर पुढचं प्रत्येक क्लिक निवड वाढवत राहतं आणि "माऊस बिघडला" म्हणून नवा माऊस येतो.

निवडलेला मजकूर हातातून घसरणं

या चुकीचा पत्ता लागत नाही, म्हणून ती सगळ्यात महाग. एका गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त घ्या. चौदा पानं, अकरा ठराव, प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदकांच्या नावांची एक ओळ. टाइप करणाऱ्याने ठराव क्रमांक ५ खालची ती ओळ ठळक करण्यासाठी निवडली. निवड बरोबर झाली का हे बघायला त्याच ओळीवर पुन्हा बटण दाबलं, आणि बटण दाबलेलं असतानाच हात थोडा खाली सरकला. आधीच निवडलेल्या मजकुरावर दाबून सरकवलं की वर्ड त्याला नवी निवड समजत नाही, मजकूर उचलून दुसरीकडे ठेवायचा आहे असं समजतं. ओळ उचलली गेली आणि ठराव ७ च्या खाली जाऊन बसली. कर्सरच्या टोकाशी छोटी चौकट दिसते, तीच काय ती सूचना. ती कोण बघतो?

स्पेलिंगची लाल रेघ येणार नाही, कारण शब्द सगळे शुद्ध आहेत. ओळीतली अंतरं वर्ड स्वतःच नीट करून घेतं, त्यामुळे जागा रिकामी झाल्याचंही कळत नाही. पानांची संख्या तीच. ठराव ५ ला सूचकच नाही आणि ठराव ७ ला दोन सूचक, दोन अनुमोदक, हे छापून, सह्या होऊन, पुढच्या सभेत वाचताना उघडकीला आलं. त्यानंतरची अर्धी सभा ठराव ५ मंजूर झाला होता की नाही यावर.

यावर उपाय एकच, आणि तो नव्या संगणकावर पहिल्याच दिवशी करून टाकावा असा. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे जा आणि एडिटिंगच्या भागात "अलाऊ टेक्स्ट टू बी ड्रॅग्ड अँड ड्रॉप्ड" समोरची खूण काढा. "पण ओढून ठेवणं सोयीचं असतं" असं म्हणणाऱ्यांसाठी: आल्ट आणि शिफ्ट धरून वरचा किंवा खालचा बाण दाबला की कर्सर असलेला अख्खा परिच्छेद एकेक घर वर-खाली सरकतो. दूर न्यायचा असेल तर कापा आणि चिकटवा. दोन्हींत हात घसरण्याचा प्रश्न नाही.

असं काही झाल्याचा संशय असेल आणि जुनी प्रत हाताशी असेल, तर डोळ्यांनी ताडून बघत बसू नका. रिव्ह्यू टॅबमध्ये कंपेअर आहे. हललेला मजकूर एरवी हिरव्या रंगात दिसतो: जिथून गेला तिथे दुहेरी रेघेने खोडलेला, जिथे आला तिथे दुहेरी रेघेने अधोरेखित.

किरकोळ, पण रोजच्या

अख्खी फाइल निवडली, कंट्रोल-सी दाबायला गेलात, कंट्रोल नीट दाबलं गेलं नाही. इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू असेल तर सी च्या बटणावर "म" आहे. चाळीस पानांच्या जागी एक "म". घाबरून फाइल बंद करू नका. कंट्रोल-झेड एकदा दाबा. फाइल बंद केली की हा मार्ग संपला. वारंवार होत असेल तर त्याच ॲडव्हान्स्डच्या पानावर "टायपिंग रिप्लेसेस सिलेक्टेड टेक्स्ट" ची खूण काढा.

कंट्रोल धरून क्लिक केलं की वाक्य निवडलं जातं, पण वर्डच्या लेखी टिंब आणि त्यापुढची मोकळी जागा म्हणजे वाक्य संपलं. "डॉ.", "प्रा.", "रु." यांनी भरलेल्या मराठी मजकुरात ही युक्ती दर दोन ओळींनी फसते. शिफ्ट-क्लिकच बरं.

वर्डमध्ये तीनदा क्लिक केलं की परिच्छेद, रायटरमध्ये तीनदा म्हणजे वाक्य आणि चारदा म्हणजे परिच्छेद. दोन्ही वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

दोन जागी वेगवेगळं निवडायचं तर कंट्रोल दुसऱ्या निवडीपासून धरायचं, पहिल्या नाही.

अर्ज क्रमांक किंवा खातं क्रमांक डबल-क्लिक करून उचलू नका. त्यामागची मोकळी जागाही सोबत येते आणि ऑनलाइन फॉर्म "चुकीचा क्रमांक" म्हणून परत पाठवतो.

अख्खा तक्ता निवडून डिलीट दाबलं तर आतला मजकूर जातो, रेघा राहतात. बॅकस्पेस दाबलं तर तक्ताच जातो. तक्त्याच्या खालची एखादी ओळही निवडीत आली असेल तर डिलीटनेही तक्ता जातो.

परिच्छेद तीनदा क्लिक करून उचलला की त्याच्या शेवटची परिच्छेदखूणही उचलली जाते. समास, ओळींमधलं अंतर, बुलेट हे सगळं त्या खुणेत साठलेलं असतं, म्हणून दुसरीकडे चिकटवल्यावर तिथला अवतार बदलतो. निवड झाली की शिफ्ट धरून डावा बाण एकदा दाबायचा, खूण बाहेर पडते. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून या खुणा कायम दिसत ठेवा. "डोळ्यांना त्रास होतो" ही सबब दोन दिवस टिकते, मग सवय होते.

वेलांटी एकटी निवडता येत नाही

मुद्रितं तपासायला बसलेला नवखा हमखास हे करून बघतो: "पाणि" मधल्या फक्त चुकलेल्या वेलांटीला रंग द्यायचा. जमत नाही, कारण देवनागरीत कर्सर अख्ख्या अक्षरावरून उडी मारतो. "णि" निवडला जाईल तो पूर्ण, रंगही पूर्ण अक्षराला. खूण करायचीच असेल तर शब्द निवडून कंट्रोल-आल्ट-एम ने कॉमेंट लिहा.

दुरुस्त करताना मात्र शब्द निवडून पुन्हा टाइप करायची गरज नाही. कर्सर "णि" च्या पुढे ठेवून बॅकस्पेस एकदा दाबलं की फक्त वेलांटी जाते, "ण" राहतो. दीर्घ वेलांटी टाइप करा, झालं. अक्षराच्या आधी कर्सर ठेवून डिलीट दाबलं तर अख्खं अक्षर जातं.

न जाणारा पिवळा रंग

सगळ्यात जास्त डोकेफोड इथेच. "हायलाइट काढलं तरी पिवळं जात नाही." जात नाही, कारण ते हायलाइट नाहीच. वर्डमध्ये अक्षरांमागे रंग येण्याचे निदान चार रस्ते आहेत आणि प्रत्येकाचं बटण वेगळं.

पहिलं खरं हायलाइट, होम टॅबमधलं पेन. त्यात ठरावीक पंधराच रंग मिळतात. म्हणजे मागचा रंग फिकट बदामी किंवा मळकट निळा असेल तर ते हायलाइट नाही, हे बघताक्षणी ओळखावं. हे फक्त त्याच पेनाच्या यादीतल्या "नो कलर"ने जातं. "क्लिअर ऑल फॉरमॅटिंग" ने जात नाही, कंट्रोल-स्पेसने जात नाही. अर्ध्या लोकांचा घोळ इथे असतो.

दुसरं अक्षरांचं शेडिंग. वेबपानावरून किंवा ईमेलमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर बहुधा हेच येतं. हे कंट्रोल-स्पेसने जातं, पण त्या मजकुराला हाताने दिलेलं ठळक, तिरपं, अक्षराचा आकार हेही सोबत जातं. तिसरं परिच्छेदाचं शेडिंग. ओळखायची खूण अशी की शेवटची ओळ अर्ध्यात संपली तरी रंग उजव्या समासापर्यंत जातो. हे कंट्रोल-क्यू ने जातं, त्याबरोबर हाताने दिलेले समास आणि अंतरंही. म्हणून घाई नसेल तर दोन्हींसाठी होम टॅबमधली रंगाची बादली वापरा आणि "नो कलर" निवडा. बाकीचं शाबूत राहतं. चौथा तक्त्याच्या चौकोनाचा रंग, तो टेबल डिझाइनमधल्या शेडिंगमधून. कळतच नसेल तर मजकूर निवडून शिफ्ट-एफ१ दाबा. बाजूला उघडणाऱ्या पट्टीत शेडिंग अक्षराखाली नोंदलंय की परिच्छेदाखाली, हे दिसतं.

रायटरमधून वर्डच्या स्वरूपात जतन केलेल्या फाइलीत हा गोंधळ आणखी वाढतो. तिथे टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, मायक्रोसॉफ्ट ऑफिस या पानावर अक्षरांमागचा रंग हायलाइट म्हणून न्यायचा की शेडिंग म्हणून, हे ठरवता येतं. पाठवणाऱ्याने ते कधी बघितलेलं नसतं आणि घेणारा पेन घासत बसतो.

एक चुकार शॉर्टकट मुळीच वापरू नका. ऑप्शन्सच्या डिस्प्ले पानावर "शो हायलायटर मार्क्स" ची खूण काढली की तुमच्या पडद्यावरून आणि तुमच्या प्रिंटमधून हायलाइट गायब होतं. फाइलमध्ये ते तसंच असतं. समोरच्याने फाइल उघडली की "रक्कम विचारून घ्यावी" वरचा पिवळा पट्टा झगझगीत दिसतो.

अख्ख्या फाइलीतलं हायलाइट काढायचं तर कंट्रोल-ए आणि "नो कलर", हे बरोबर. पण कंट्रोल-ए म्हणजे "सगळं" नव्हे. पानाच्या माथ्यावरची पट्टी, तळाची पट्टी, तळटिपा, मजकुराच्या चौकटी त्यात येत नाहीत. तळटिपेत कर्सर ठेवून पुन्हा कंट्रोल-ए दाबा, तेव्हा तळटिपा निवडल्या जातात. मग कंट्रोल-एच उघडून मोअर, फॉरमॅट, हायलाइट निवडा, शोधायची चौकट रिकामी ठेवा आणि फाइंड नेक्स्ट दाबा. काही राहिलं असेल तर सापडेल.

आणि हिरवा म्हणजे तपासलं, गुलाबी म्हणजे शंका, निळा म्हणजे सरांना विचारायचं, असली सप्तरंगी पद्धत सुरूच करू नका. तिसऱ्या दिवशी कुठल्या रंगाचा अर्थ काय हे आठवत नाही, आणि वर्डला "फक्त गुलाबी शोध" असं सांगताही येत नाही. तो कुठलंही हायलाइट शोधतो. एकच पिवळा ठेवा, तोही फक्त भरायच्या राहिलेल्या तारखा आणि आकड्यांसाठी. शंका कॉमेंटमध्ये लिहा.

कंट्रोल-ए आणि मग फॉन्ट

"सगळी फाइल एका फॉन्टमध्ये करून टाक." दोन सेकंदांचं काम, आणि जुनी मराठी फाइल असेल तर दोन दिवसांचं नुकसान. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. "मराठी" या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. सगळं निवडून मंगल फॉन्ट दिलात की मुखवटा उतरतो. तिथल्या तिथे कंट्रोल-झेड केलंत तर ठीक. जतन करून बंद केलीत तर आता फाइलीतला खरा इंग्रजी मजकूर आणि मुखवटा उतरलेली मराठी, दोन्ही मंगलमध्ये. कुठला भाग कुठला, हे ओळ न् ओळ वाचूनच ठरवावं लागतं.

आधी होम टॅबमधल्या सिलेक्टखाली "सिलेक्ट टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग" आहे, त्याने एका जुन्या फॉन्टचा मजकूर निवडा. आकार किंवा ठळकपणा वेगळा असलेले तुकडे यातून निसटतात, म्हणून कंट्रोल-एच मध्ये फॉरमॅट, फॉन्ट इथे त्या फॉन्टचं नाव देऊन एकदा शोधून घ्या. मग तो भाग कन्व्हर्टरमधून (जुन्या फॉन्टची अक्षरं बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून) युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, न्या. फॉन्ट सगळ्यात शेवटी बदला, आणि त्याही वेळी विंगडिंग्ज या चिन्हांच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या बरोबरच्या खुणा निवडीतून वगळा, नाहीतर प्रत्येक खुणेच्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेला यू उभा राहील.