खोलीत कोण कुठे आहे? छोटा रडार बसवताना

एचएलके-एलडी२४५० हा बोटाएवढा रडार २४ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि अंगावर आपटून परत आलेल्या लहरींवरून एका वेळी तिघांची जागा सांगतो. पल्ला ६ मीटर, कोन डावी-उजवीकडे ६०-६० अंश. त्याला दिसतं ते हलणारं. टेबलावरची किल्ली शोधायला तो उपयोगाचा नाही.

जोडणी चार तारांची. ५ व्होल्ट (किमान २०० मिलिअँपिअर देणारा अडॅप्टर), ग्राउंड, रडारचा टीएक्स (माहिती पाठवणारी पिन) ईएसपी-३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या १६ नंबर पिनला, आरएक्स (माहिती घेणारी) १७ला. बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग, २५६००० ठेवा, ११५२००वर नुसता कचरा येतो.

रडार प्रत्येकाची जागा दोन आकड्यांत पाठवतो: एक्स म्हणजे मध्यरेषेच्या डावी-उजवीकडचं अंतर, वाय म्हणजे समोरचं. बहुतेकांचं घोडं अडतं ते या आकड्यांच्या धन-ऋण चिन्हापाशी. आकडा ३२७६८ किंवा जास्त असेल तर त्यातून ३२७६८ वजा करा, तो धन. कमी असेल तर तसाच ऋण धरा. एक्स ७८२ आणि वाय ३४४८१ आले, तर माणूस समोर १७१३ मिलिमीटरवर आणि मध्यरेषेपासून ७८२ मिलिमीटर ऋण बाजूला आहे. टूज कॉम्प्लिमेंटने, म्हणजे संगणकाच्या ऋण आकडे लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीने, वाचलंत तर माणूस थेट खोलीबाहेर जातो.

रडार कोपऱ्यात, दीड ते दोन मीटर उंचीवर, तोंड समोरच्या कोपऱ्याकडे करून लावा. डबी प्लास्टिकची हवी, धातूची अजिबात नको. अँटेना आणि झाकणात साधारण ६ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीएवढी, फट सोडा.

मग जमिनीवर खडूने दर मीटरला खुणा करा आणि त्यांवरून चाला. रडारने सांगितलेली प्रत्येक जागा म्हणजे एक ठिपका. खोलीत एकटे असूनही दोन ठिपके दिसले, तर आधी लोखंडी कपाट किंवा आरसा बघा. लहर कपाटावरून तुमच्यावर आणि परत त्याच वाटेने येते, म्हणून तुम्ही कपाटासमोर जितके दूर, तितकंच कपाटामागे एक भूत उभं राहतं. संवेदनशीलता कमी करून हे जात नाही. खोलीच्या चार भिंतींच्या जागा (एक्स-वाय) कोडमध्ये टाका आणि बाहेर पडणारा प्रत्येक ठिपका गाळा. पातळ प्लायच्या पार्टिशनपलीकडचा शेजारीही त्यातच गळतो.

पंखा आणि पडदा एकाच जागी दिसत राहतात. तेवढा चौकोन वगळा.

दोघं खेटून बसले तर ठिपका एकच येणार. रडार वापरतो त्या २५० मेगाहर्ट्झ रुंदीच्या लहरींच्या पट्ट्यात अंतराचा बारकावा ६० सेंटिमीटरच्या खाली उतरत नाही.