जुनी रेअर अर्थ खाण पुन्हा सुरू करायची तर हिशेब चुंबकापासून उलटा मांडा

एप्रिल 2025 मध्ये चीनने समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम या रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) गटातल्या सात मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. ती मिसळून बनणारी चुंबकंही त्यात आली आणि इलेक्ट्रिक दुचाक्यांच्या मोटारी बनवणाऱ्यांची धावपळ झाली. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक पट्ट्यात दोन प्रश्न कानावर येतात. जगभरात बंद पडलेल्या खाणी पुन्हा का सुरू होत नाहीत? आणि आपल्याच जमिनीखाली काही आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकू. मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे आणि या दगडात रेअर अर्थ काढण्याजोगं साठत नाही. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली-किनवट बाजूला ग्रॅनाइट आणि नाइस हा पट्टेदार खडक उघडे पडतात, पण ग्रॅनाइट दिसला म्हणजे धातुक, म्हणजे धातू काढण्याजोगा दगड, मिळालं असं नव्हे. त्यामुळे खाण आपल्या भागात नसेल. खाणीनंतरच्या साखळीतल्या दोन-तीन कड्या मात्र इथे बसू शकतात. त्या कोणत्या हे कळायला आख्खी साखळी समजून घ्यावी लागते.

आधी उलटा हिशेब

खाणीचा आराखडा खड्ड्यापासून सुरू केला की फसतो. शेवटच्या गिऱ्हाइकापासून मागे या. समजा, वर्षाला 100 टन तयार निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकं द्यायची आहेत. कापताना-घासताना साधारण चौथा हिस्सा चुऱ्यात जातो, म्हणून मिश्रधातू सुमारे 133 टन लागेल. त्यात रेअर अर्थ सुमारे 30 टक्के, म्हणजे 40 टन धातू. निओडिमियम ऑक्साइडच्या वजनात धातू 86 टक्क्यांच्या आसपास असतो. भट्टीतली घट धरून 50 टन निओडिमियम-प्रासोडिमियम ऑक्साइड लागेल.

आता खनिजाकडे वळू. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीच्या बास्टनासाइट या रेअर अर्थ खनिजामध्ये एकूण रेअर अर्थपैकी सिरियम निम्म्याच्या जवळ, लॅन्थॅनम तिसरा हिस्सा आणि निओडिमियम-प्रासोडिमियम मिळून जेमतेम 16 टक्के असतं. म्हणजे 50 टनांसाठी 310 टन एकूण ऑक्साइड वेगळं करावं लागेल. फ्लोटेशनमध्ये, म्हणजे दळलेल्या दगडातून खनिज फेसावर चढवून वेगळं काढताना, 65 ते 70 टक्केच हाती लागतं, पुढे रसायनात आणखी थोडं गळतं. मूळ दगडात 500 टनांच्या वर हवं. दगड 7 टक्के प्रतीचा धरला तर सव्वासात हजार टन.

सव्वासात हजार टन दगड ताशी 100 टनांचा खडी क्रशर आठ तासांच्या पाळीत नऊ-दहा दिवसांत फोडतो. अवघड काम त्यानंतरचं आहे. आणि त्याच हिशेबात अडीचशे टन सिरियम-लॅन्थॅनम उरतं, ज्याला काच घासण्याची पूड आणि पेट्रोलियम शुद्धीकरणातले उत्प्रेरक सोडले तर फारशी गिऱ्हाइकं नाहीत. चुंबक विकून आलेले पैसे हा साठा सांभाळण्यात जाऊ शकतात. या मालाचं काय करायचं ते खाणीचं कुलूप काढायच्या आधी ठरवा.

खाण बंद का पडली ते शोधा

जुन्या खाणीचं दफ्तर हे तिचं पहिलं भांडार. माउंटन पासचा शोध 1949 चा, उत्पादन 1952 पासून. तिथून सांडपाणी 20 किलोमीटरहून लांब नळाने वाळवंटातल्या बाष्पीभवन तळ्यांत नेलं जाई. नळाच्या आत रेडियम असलेला खर (क्षारांचा कडक थर) साचला आणि तो साफ करताना नळ फुटून पाणी पसरलं. 1998 मध्ये विलगीकरण थांबलं आणि 2002 मध्ये खाणकाम. दक्षिण आफ्रिकेतली स्टीनकॅम्प्सक्राल ही मोनाझाइटची, म्हणजे थोरियमही असलेल्या रेअर अर्थ खनिजाची, खाण 1952 ते 1963 चालली ती थोरियमसाठी. म्हणजे तिथल्या जुन्या नोंदींत रेअर अर्थ हा जोडमाल होता, त्याची मोजणी त्याच बेताने झालेली असणार. खाण भावामुळे बंद पडली, पाण्यामुळे की गिऱ्हाईक गेल्यामुळे, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

जुन्या प्रयोगशाळा बहुधा ऑक्झलेटचा साका पाडून एकूण ऑक्साइड मोजत. त्यात डिस्प्रोशियम किती, टर्बियम किती हे कळत नाही. म्हणून जपून ठेवलेले कोअर, म्हणजे बोअरमधून काढलेले दगडाचे दंडगोल, पुन्हा तपासा. नमुना नुसत्या आम्लात विरघळवू नका, मोनाझाइट त्यात पुरतं विरघळत नाही आणि आकडा कमी येतो. सोडियम पेरॉक्साइड किंवा लिथियम बोरेटबरोबर वितळवून मगच आयसीपी-एमएस या एकेक मूलद्रव्य मोजणाऱ्या यंत्रावर चालवा. जुन्या बोअरांपैकी दहा-वीसांतल्या एकाशेजारी नवा बोअर घ्या. दोन्हींच्या प्रतीत सतत एकाच दिशेने फरक दिसला तर जुना साठ्याचा आकडा वापरू नका.

जुने टेलिंग, म्हणजे खनिज काढून उरलेला गाळ, विसरू नका. फ्लोटेशनमध्ये निसटलेला तिसरा हिस्सा तिकडे गेलेला आहे आणि तो दळलेलाच आहे. मात्र त्यावर जुन्या रसायनांचा थर असतो, कण वाऱ्या-पावसाने झिजलेले असतात. ताज्या धातुकाची कृती त्याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

जमिनीखालची खाण असेल तर आत पाऊल टाकण्याआधी हवा खेळती करा आणि रेडॉन-थोरॉन हे किरणोत्सारी वायू मोजा. साचलेलं पाणी उपसण्याआधी त्यात रेडियम, युरेनियम आणि फ्लोराइड तपासा. ते पाणी थेट ओढ्यात सोडलं तर प्रकल्प तिथेच संपतो.

दळण, फेस आणि पाणी

बास्टनासाइटची जुनी पद्धत अशी. धातुक 100 मायक्रॉनच्या खाली दळायचं, वाफेने तापवत टप्प्याटप्प्याने सोडा अॅश, लिग्निन सल्फोनेट आणि मेदाम्ल मिसळायचं. लिग्निन सल्फोनेट बराइट-कॅल्साइट या नको असलेल्या खनिजांना खाली दाबतं, मेदाम्ल बास्टनासाइटला फेसावर चढवतं. हाती येतो 60 टक्के रेअर अर्थ ऑक्साइडचा कॉन्सन्ट्रेट, म्हणजे नको ते काढून उरलेलं खनिज. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने कॅल्साइट धुतलं की तो 70 च्या जवळ जातो. भाजून कार्बन डायऑक्साइड घालवला की आणखी वर. भाजताना सिरियम चार-संयुजी होतं आणि पुढच्या आम्लात सहज विरघळत नाही, त्यामुळे निम्मा नको असलेला माल स्वस्तात बाजूला पडतो.

इथे सर्वांत जास्त घोटाळा पाण्याने होतो. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यावर उत्तम निकाल येतो आणि साइटवर फेसच मरतो. कारण जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मेदाम्लाशी साबणासारखं बांधलं जातं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही, त्याचंच हे रसायन. म्हणून चाचणी खाणीवरच्याच पाण्यात करा, आणि तेच पाणी पाच-सहा वेळा फिरवून करा, कारण कारखान्यात ते फिरणारच आहे. तापमान उतरलं तरी निवड बिघडते. थंडीत बॉयलर कमी पडला की बराइट वर येतं.

मोनाझाइट असेल तर वाट वेगळी. किनाऱ्याच्या वाळूतून ते स्पायरल, चुंबकीय आणि स्थिरविद्युत यंत्रांनी वेगळं काढतात. मग 140 ते 150 अंशांवर तीव्र कॉस्टिक सोड्यात शिजवतात. फॉस्फेट ट्रायसोडियम फॉस्फेट म्हणून निघतं आणि विकता येतं. उरलेली हायड्रॉक्साइडं हायड्रोक्लोरिक आम्लात साधारण 3 ते 4 पीएच राखून विरघळवली की थोरियम घन राहतं. पीएच खाली घसरला तर थोरियम द्रावणात उतरतं आणि पुढची सगळी ओळ दूषित होते. भारतीय मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड 8 ते 10 टक्के असतं, म्हणून या टप्प्यावर आम्लाचा व्हॉल्व्ह हाताने चालवू नये.

किरणोत्सार गोळा होतो तो गाळणीच्या कापडावर, नळाच्या आतल्या खरात आणि टाकीच्या तळाच्या गाळात. नेहमीचा द्रव तपासून सगळं ठीक दिसतं आणि कापड बदलणाऱ्या कामगाराला डोस मिळत राहतो. कापड, खर, गाळ यांची स्वतंत्र नोंदवही ठेवा. भंगारवाल्याला जाणारा प्रत्येक पाइप किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरखालून गेला पाहिजे.

विलगीकरण: पैसा आणि वेळ इथे जातो

द्रावणातून एकेक मूलद्रव्य काढायला मिक्सर-सेटलरच्या रांगा लागतात. केरोसीनमध्ये मिसळलेलं पी-507 हे विद्रावक जलीय द्रावणाशी घुसळायचं आणि शांत टाकीत दोन थर वेगळे होऊ द्यायचे. प्रासोडिमियम आणि निओडिमियम यांचा विलगीकरण गुणांक दीडच्या आसपास आहे, म्हणजे एका टप्प्यात जवळजवळ काहीच वेगळं होत नाही. म्हणून ही दोन बहुधा जोडीनेच विकतात. चुंबकाला तेवढं पुरतं. सगळ्या मूलद्रव्यांसाठी टप्पे शेकड्यांनी मोजावे लागतात.

नव्या माणसाला पैशांचं भान इथे राहत नाही. या टाक्या रिकाम्या असतात तेव्हा काहीच निघत नाही. प्रत्येक टप्प्यात मूलद्रव्यांच्या प्रमाणाची ठरावीक चढण तयार व्हावी लागते, आणि ती तयार व्हायला महिने जातात. तेवढा काळ महागडा माल टाक्यांत अडकून पडतो आणि विक्री शून्य. खेळतं भांडवल काढताना हा साठा धरलाच पाहिजे.

सेटलरच्या काचेतून पाहिलं तर दोन थरांमध्ये तपकिरी, साईसारखा पट्टा दिसतो. त्याला क्रड म्हणतात. बारीक सिलिका, लोह, गाळणीतून सुटलेला गाळ यांमुळे तो बनतो. पट्टा बोटभर झाला तोच काढा. वाढू दिला तर पुढच्या टाकीत वाहतो आणि आठवड्यांनी बसवलेली चढण एका पाळीत विस्कटते. आत येणारं द्रावण दोनदा गाळा आणि लोह-अॅल्युमिनियम आधीच पाडून टाका.

शेवटी ऑक्झलेटचा साका 900 ते 1000 अंशांवर भाजून ऑक्साइड. भाजणं अपुरं राहिलं तर कार्बन उरतो. पुढे तो धातूत जातो आणि चुंबकाची ताकद खातो. गिऱ्हाईक लॉट परत पाठवतं ते बरेचदा या एका आकड्यामुळे.

ऑक्साइड ते धातू हा टप्पा चीनबाहेर फार कमी ठिकाणी होतो. लिथियम फ्लोराइड-निओडिमियम फ्लोराइडच्या सुमारे 1050 अंशांच्या वितळलेल्या क्षारात ऑक्साइड टाकून वीज सोडायची. किलोमागे साधारण 10 युनिट वीज लागते. ऑक्साइड जास्त पडलं तर तळाशी गाळ बसतो, कमी पडलं तर ग्रॅफाइटच्या अॅनोडवर फ्लोरोकार्बन वायू निघू लागतात. ऑक्साइड ओलं असेल तर हायड्रोजन फ्लोराइड निघतो. तो प्राणघातक आहे, म्हणून ऑक्साइड वाळवल्याची नोंद पाहिल्याशिवाय भट्टीत काही टाकू नये.

बांधणीचा क्रम

माउंटन पासच्या मोलीकॉर्पने 2011 च्या चढ्या भावाच्या भरात सगळं एकदम बांधलं. भाव कोसळले आणि जून 2015 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नंतर आलेल्या एमपी मटेरियल्सने 2018 पासून नुसता कॉन्सन्ट्रेट विकून खाण चालती ठेवली आणि 2023 मध्ये वेगळं केलेलं निओडिमियम-प्रासोडिमियम काढायला सुरुवात केली. आमच्या मते धडा स्पष्ट आहे: एका टप्प्याचा माल ठरल्या प्रतीचा निघू लागल्यावरच पुढचा बांधा, आणि किमान भावाचा करार हातात असल्याशिवाय विलगीकरणाला हात घालू नका. एमपी मटेरियल्सलाही जुलै 2025 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने निओडिमियम-प्रासोडिमियमसाठी किलोला 110 डॉलरचा किमान भाव बांधून दिला, तेव्हा चुंबकाच्या मोठ्या कारखान्याचा बेत ठरला.

भारतात मोनाझाइट हे अणुऊर्जेच्या कायद्याखाली सरकारी नियंत्रणातलं द्रव्य आहे. हाताळायला अणुऊर्जा खात्याचे परवाने लागतात आणि हे काम आयआरईएल ही सरकारी कंपनी करते. 2023 च्या दुरुस्तीनंतर युरेनियम-थोरियम नसलेल्या रेअर अर्थ खनिजांचे पट्टे केंद्र सरकार लिलावाने देतं. मोनाझाइट खासगीत विकत मिळेल असं कुणी सांगितलं तर त्याच्याशी व्यवहार करू नका.

मराठवाड्यात काय करता येईल

पाणी आणि आम्ल पिणारं विलगीकरण जायकवाडीच्या भरवशावर मांडू नये. दुष्काळी वर्षात उद्योगाच्या पाण्याला पहिली कात्री लागते आणि चढण बसवलेल्या टाक्या बंद ठेवता येत नाहीत. चुंबक कापणं-घासणं, लेप देणं आणि जुन्या चुंबकांचं संकलन या कड्या मात्र वाळूज, शेंद्रा, बिडकीनला शोभतात. मोटारीचे कारखाने, टूलरूम आणि भंगाराची बाजारपेठ इथे आहेच. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी 1,500 कोटींची, तर नोव्हेंबरमध्ये वर्षाला 6,000 टन चुंबकांच्या क्षमतेसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली.

संकलनाची सुरुवात मोटार कारखान्यांतल्या नापास रोटरांपासून करा, कारण त्यांची प्रत लेखी मिळते. त्यानंतर हब मोटारी, इन्व्हर्टर एसीचे कंप्रेसर, हार्ड डिस्क. कमी विजेच्या बीएलडीसी पंख्यांत बरेचदा रेअर अर्थ नसलेलं साधं फेराइट चुंबक असतं. बीड-धाराशिवच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्यांवर भिस्त ठेवू नका. गिअरबॉक्सवाल्या जुन्या यंत्रांच्या जनित्रात बहुधा चुंबक नसतंच.

रोटर उघडण्याआधी चुंबकत्व घालवा. या चुंबकांचा क्युरी बिंदू, म्हणजे चुंबकत्व जाण्याचं तापमान, 310 अंशांच्या जवळ आहे, म्हणून 350 अंशांवर तासभर, मोठा रोटर असेल तर गाभा तेवढा तापेपर्यंत ठेवा. चिकटवलेलं इपॉक्सी जळून धूर येतो, त्यासाठी स्क्रबर हवा. न तापवता उघडायला गेलात तर दोन चुंबकं एकमेकांवर आदळून बोट चिरडतं आणि तुकडे डोळ्यात उडतात. हातातल्या एक्सआरएफ या मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राने प्रत्येक खेप तपासा आणि डिस्प्रोशियम असलेली चुंबकं वेगळ्या पिंपात ठेवा. एकदा मिसळली की जड मूलद्रव्याचा जादा भाव मिळत नाही.

घासण्यातून निघालेला चुरा कोरडा ठेवू नका, तो हवेत आपोआप पेटतो. पाण्याखाली ठेवा. पण त्यातून हळूहळू हायड्रोजन सुटतो, म्हणून पिंपाचं झाकण घट्ट लावायचं नाही आणि शेडमध्ये वरून वारा खेळता ठेवायचा. आग लागलीच तर पाणी मारू नका, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची डी वर्गाची पावडर टाका. वाळूच्या बादल्या चुऱ्याच्या पिंपांजवळ, पण आगीच्या झळेबाहेर ठेवा.