सर्दी गेली, छाती मात्र आवळलेलीच

दमा लहानपणापासूनचा. दिवाळीनंतर सर्दी-ताप येऊन गेला, पण छाती आवळलेलीच. रात्री कूस बदलली की बारीक शिट्टी, पहाटे कोरडा खोकला. शेजारचे काका म्हणे, "अँटिबायोटिक घे ना भो!" डॉक्टरांनी ऑक्सिजन पाहिला, छाती तपासली, न्यूमोनिया नव्हता. विषाणू गेला तरी श्वासनलिकांची सूज कित्येक आठवडे रेंगाळते, दमेकऱ्याची तर जास्तच. अँटिबायोटिकने ती उतरत नाही.

खरा फरक पडला रोजच्या स्टिरॉइड पंपाने, तोही स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावल्यावर. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एक दाब, सावकाश आत ओढायचा, दहा आकडे रोखायचा. मग खळखळून चूळ, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. लगेच आराम देणारा निळा पंप फक्त धाप लागली तर.

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडे हिवाळा म्हणजे भरीत पार्ट्या. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना धडधाकट माणूसही ठसकतो. यंदा वांगी भाजून झाल्यावरच मळ्यात पोचायचो. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी मात्र सोडली नाही. हळूहळू शिट्टी थांबली.

छातीतली कळ हाताकडे गेली किंवा बोलताना वाक्य तुटू लागलं तर थेट दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांनी बजावलंय. डोस कमी करायचं होळीनंतर बघू म्हणाले.